फोटो पण, व्हिडिओ पण, कॅमेरा एकच : कट्ट्यावरचा वाद

विषय काढला भाऊने. फिरायला जाताना त्याला एकच कॅमेरा न्यायचाय, फोटो त्यातच आणि व्हिडिओ पण त्यातच, दोन बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे) गळ्यात अडकवून फिरायची त्याची तयारी नाही. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत अण्णा म्हणाले, "फुलफ्रेम घे, विषय संपला." आणि तिथूनच विषय सुरू झाला.

आता अण्णा चुकीचं बोलत नव्हते. फुलफ्रेमचा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिमी, त्याहून लहान एपीएस-सीचा साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त आणि अंधार पडला की तो फरक फोटोत दिसतो. पण ताईने (ती दिवसभर व्हिडिओ एडिटिंगच करते) मुद्दा बरोबर पकडला. "अण्णा, बॉडी लहान मिळते हो, लेन्सचं काय?" सोनीची फुलफ्रेमची २४-७० एफ/२.८ (पहिले आकडे झूमचा पल्ला मिमीत, एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं), नवी दुसरी आवृत्ती, ती ६९५ ग्रॅम. सिग्माची एपीएस-सीसाठीची १८-५० एफ/२.८ फक्त २९० ग्रॅमच्या आसपास, आणि फ्रेम जवळजवळ तीच मिळते, फुलफ्रेमवरच्या २७-७५ सारखी. अण्णांनी लगेच धरलं की ब्लरच्या, म्हणजे मागचं किती धूसर होतं त्या हिशोबात एपीएस-सीवरचा २.८ म्हणजे फुलफ्रेमचा ४.२ झाला. हो, झाला. पण प्रवासात आपल्याला माणसामागची जागा पण दिसायला हवी असते ना, सगळं मागचं पुसून टाकलं तर तिथे गेलो कशाला?

छोट्याचं म्हणणं वेगळंच, मोबाईल आहे की खिशात, आणि व्हिडिओ एवढाच हवा असेल तर डीजेआय पॉकेट ३ घे, एक इंची सेन्सर आणि आतच गिंबल (हात हलला तरी फ्रेम स्थिर धरणारी मोटर). चालता चालता शूट करायचं तर त्याच्या जवळपास कुठलीच मोठी बॉडी येत नाही, हे मी पण मान्य करतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन उभ्या माणसाचा हात स्थिर ठेवतं, पाऊल टाकलं की फ्रेम वरखाली होतेच. पण पॉकेटला ऑप्टिकल झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, आणि भाऊला निम्मे फोटो लांबून काढायचे असतात. तो पर्याय तिथेच बाद झाला.

मग सगळे मेगापिक्सेल, व्हिडिओचं ४के ६०, १०-बिट असल्या आकड्यांवर गेले आणि अर्धा तास तेच. माझं मत असं की या आकड्यांवरून भाऊचं काही ठरणार नाही. आज या वर्गातली जवळपास कुठलीही बॉडी फोटो चांगला देते आणि व्हिडिओ पण चांगला देते. अडतं ते एकातून दुसऱ्यात जाताना, कारण दोघांची मागणी उलटी आहे. फोटोला शटर वेगवान हवं, समोर माणसं चालतायत तर सेकंदाचा १/५०० तरी. व्हिडिओला, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर, १/५०, तरच हालचाल डोळ्याला सहज वाटते.

हिशोब करून बघा. कडक उन्हात आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) १००, एफ/१६ ला शटर साधारण १/१०० येतं. एफ/२.८ वर आलात की तेच १/३२००. व्हिडिओसाठी ते १/५० ला आणायचं म्हणजे सहा स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे एनडी६४ फिल्टर, उजेड ६४ पट कमी करणारी गडद काच, लावणं आलं. आणि लॉगमध्ये (रंग नंतर एडिटिंगला बसवायचे असा फिका व्हिडिओ) शूट करणार असाल तर कॅमेरा आयएसओच मुळात वर नेऊन ठेवतो, मग त्याहून गडद फिल्टर. आता हा फिल्टर लेन्सवर आहे आणि समोर अचानक फोटोचा क्षण आला, तुम्ही शटर दाबलं, तर १/५०० ला उजेड भरून काढायला ऑटो आयएसओ १०० वरून साधारण १००० ला जातो. भर उन्हातला फोटो उगाच दाणेदार. छोट्या म्हणाला मग फिल्टरच नको, १/१००० ला व्हिडिओ काढ, कोणाला कळतंय. डोंगर, इमारत असल्या स्थिर गोष्टींना खरंच नाही कळत, पण धावणारं पोर किंवा पडणारं पाणी असलं की तुटक तुटक दिसतं आणि एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं. व्हेरिएबल एनडी (फिरवून कमीजास्त गडद होणारा फिल्टर) हा मधला मार्ग, फक्त वाइड लेन्सला फार फिरवला की आकाशात काळा क्रॉस पडतो तेवढं सांभाळायचं. ताई चुंबकाने चिकटणारा फिल्टर वापरते, ओढला की निघाला, आणि मला तेच सगळ्यात पटलं.

म्हणून भाऊला मी सांगितलं, बॉडी हातात घे आणि एकच गोष्ट कर. फोटो मोडला शटर १/५०० ठेव, व्हिडिओला जा, १/५० कर, परत फोटोला ये. १/५०० जागेवर आहे का? सोनी ए६७०० (२०२३) मध्ये मोड डायलच्या खालीच फोटो-व्हिडिओचा वेगळा डायल आहे, सेटिंग दोन्हीकडे वेगवेगळी ठेवता येतात, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, वजन पाचशे ग्रॅमच्या आत. त्याच वर्षीची फुजीफिल्म एक्स-एस२० पण त्याच वजनाची, स्टॅबिलायझेशन तिच्यातही. सोनीचीच झेडव्ही-ई१० हलकी आहे पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात स्क्रीनवर काय दिसणार?

ताईने शेवटी कार्डचं काढलं आणि ते कोणी बोललंच नव्हतं. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ चं कार्ड दीड तास पण पुरत नाही. कार्डावर व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं बघून घे आणि जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेव, चेक-इन सामानात चालत नाहीत.

अण्णांना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ए६७०० आणि एक्स-एस२० दोन्हीचा व्ह्यूफाइंडर बारीक आहे. ते खरंय. भाऊ ए६७०० वर आलाय, सोबत ती सिग्मा १८-५०, आणि ५५ मिमीचा चुंबकी फिल्टर कुठला घ्यायचा ते ताई बघून देणार आहे.