‘चालतंय की’ कुणाचं?

रात्री पेठ थंडावली की सांगलीच्या गणपती पेठेत एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा बसतो. परवा भडंगाची पुडी सुटली आणि मास्तरांनी विषय काढला. अमेरिकेत ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही मालिका १९९७ ते २००३ चालली. तिच्यातल्या पोरापोरींच्या बोलीचा मायकेल ॲडम्स या अभ्यासकानं कोश केला आणि २००३ साली ऑक्सफर्डनं तो छापला.

“मालिकेतल्या टवाळ बोलीचा कोश?” अण्णा म्हणाले. “दुसरं काम न्हाई वाटतं!”

“टवाळ कसली? ‘स्ले’ म्हणजे ठार मारणं, त्याला ‘एज’ जोडून ‘स्लेएज’ केलं. प्रत्यय जुना, शब्द नवा. कोण काय बोललं ते वाक्यासकट नोंदवलंय.”

बाळ्या म्हणाला, “मग आपल्याकडं ‘तुझ्यात जीव रंगला’चा करा. २०१६ला मालिका आली अन् ‘चालतंय की’ दिलं सगळ्या महाराष्ट्राला.”

मला राहवलं नाही. “दिलं नाही, नेलं म्हण. माझी आजी मंडईत मेथी विकायची. ओळखीचं गिऱ्हाईक ‘पैसे उद्या देतो’ म्हणालं की ‘की’ लांबवून म्हणायची, ‘चालतंय कीऽऽ’. आणि कुणी घासाघीस करून भाव पाडला, की ओलं पोतं झटकत, तोंड फिरवून, ‘की’ तिथंच तोडायची. शब्द तेच, पण दुसऱ्या वेळी पोटात दुखलेलं असायचं. मालिकेनं हसरं तेवढं उचललं.”

“उचललं म्हणून तर बरं झालं,” अण्णांचा आवाज चढला. “माझा पोरगा पुण्यात होस्टेलला होता. ‘करतोय की’ म्हटलं की हसायची पोरं. मालिका आली अन् तीच पोरं ‘चालतंय की’ म्हणायला लागली.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

मास्तर म्हणाले, टोरांटोच्या भाषा-अभ्यासक साली टॅग्लियामाँटे यांनी एका सहकाऱ्याबरोबर ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेतले ‘व्हेरी’, ‘रिअली’, ‘सो’ हे जोर द्यायचे शब्द मोजले, त्यात ‘सो’ पुढं निघाला. लोकांच्या बोलण्यात जे वारं असतं ते मालिकेत उमटतं, कधी जरा आधीच. “पण खरी गंमत साच्यात आहे. पुण्यात ‘चालेल’ म्हणतात. आपण अजून व्हायच्या गोष्टीला ‘चालतंय’ म्हणतो. ‘येतोय की’, ‘बघतोय की’. अजून उठलेलो नसतो, पण क्रियापद निघालेलं असतं. याचा अभ्यास कुणी करायचा?”

दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. पण आजीचा तो तोडलेला ‘की’ कागदावर मावत नाही, तो कानानंच धरायला हवा. मंडईतल्या म्हाताऱ्या आहेत तोवर.

बाळ्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. “अण्णा, दोन्ही तऱ्हांनी म्हणा.”

पहिला त्यांनी लांबवला. दुसरा म्हणायला वेळ लागला.

“हा कुणाला म्हणायचा?” मास्तरांनी विचारलं.

“सावकाराला,” अण्णा म्हणाले.