बॅकअपला रूट कशाला?
रोजचा बॅकअप रूटच्या (लिनक्सवरचा सर्वाधिकारी युजर) क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून चालवा, हा एका लेखातला सल्ला पटला नाही. बॅकअपला सगळ्या फाइली वाचता आल्या की झालं. त्या बदलण्या-पुसण्याचा अधिकार कशाला? लिनक्सवर वेगळा युजर काढा, लॉगिन शेल न देता, म्हणजे त्या नावाने कुणाला लॉगिन करता येणार नाही. रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमची एक प्रत त्याच्यापुरती ठेवा: मालक रूट, ग्रुप त्या युजरचा, परवानगी ७५० (मालकाला सगळं, ग्रुपला फक्त वाचणं-चालवणं, बाकीच्यांना काहीच नाही). मग सेटकॅप या कमांडने तिला फक्त 'कॅप_डॅक_रीड_सर्च', म्हणजे कुठलीही फाइल वाचायचा अधिकार द्या. ७५० विसरू नका हं, नाहीतर मशीनवरचा कुणीही त्याच प्रतीने पासवर्डांची शॅडो फाइलसुद्धा वाचेल. रेस्टिकची नवी आवृत्ती टाकली की सेटकॅपने दिलेला हा अधिकार उडतो, पुन्हा द्यावा लागतो. रिस्टोअरच्या वेळी फाइलींना मूळ मालक लावायला रूट लागतो, पण ते काम रोज रात्री आपोआप थोडंच चालतं!