आम्ही काही मागितलं नाही हो!

आज भिशी होती. मेलबर्नमधल्या टार्नीटला, एकीच्या घरी. (कोणाच्या ते विचारू नका. खाली लिहितेय त्यात दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात, तेव्हा डिटेक्टिव्हगिरी नको.) बाहेर सात डिग्री, आत गरम साबुदाणा वडे, वीस-बावीस बायका, मस्त कलकलाट चाललेला. एक काकू आहेत, मुलाचं लग्न झाल्यावर त्याच्याकडे आल्या त्या इथेच आहेत, त्या वडा मोडता मोडता म्हणाल्या, "आम्ही काही मागितलं नाही हो! त्यांनीच हौसेनं दोघांची तिकिटं काढली आणि घराच्या डिपॉझिटला पण हातभार लावला. एकुलती एक मुलगी ना."

सगळ्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, काकू मला पण असे व्याही बघा. परत हशा. सून तिथेच चटणीचं भांडं घेऊन उभी होती. ती पण हसली.

आणि मी पण हसले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, उद्या सातची शिफ्ट आहे आणि मला झोप येत नाहीये ती काकूंमुळे नाही, मी हसले म्हणून येत नाहीये.

कारण मला कढीपत्तावाली आठवली.

जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीये माझं कढीपत्त्याचं प्रेम. मेलबर्नच्या थंडीत तो जगवणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळण्यासारखं आहे, फ्रॉस्ट पडला की गेला, म्हणून हिवाळ्यात कुंडी घरात घ्यायची, उन्हाच्या खिडकीशी ठेवायची. तर आम्ही आधीच्या घरी होतो तेव्हा दोन घरं सोडून एक मराठी कुटुंब आलं. नवरा आयटीत, त्याची आई, आणि ही. चोवीस-पंचवीसची असेल, जळगावकडची. पहिल्या आठवड्यात दार वाजवलं, ताई, चार पानं कढीपत्ता मिळेल का. दिला. दोन दिवसांनी परत. मग एक दिवसाआड. मग रोज. पाच मिनिटं दारात उभी राहायची, थंडी फार आहे नाही, असं काहीतरी बोलायची, माझ्या मागे घरात बघायची आणि पानं घेऊन जायची.

सुरुवातीला मला कौतुक वाटलं. मग वैताग आला. अक्षरशः काडी राहिली होती झाडाची. एकदा मी नवऱ्याला म्हणाले, आता ती आली तर सांग झाड वठलं. तो दार उघडून तिला म्हणाला सुद्धा. मी आत ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. ती म्हणाली, "हो का... बरं दादा." आणि तरी एक मिनिटभर गेलीच नाही तिथून.

हे मला कधी विसरता येणार नाहीये.

आठ महिने. आठ महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नाही, बाई गं, तू रोज कशाला येतेस? एवढी फोडणी कोणाच्या घरात लागते?

विचारलं कोणी, तर नर्सनी. तिला बाळ झालं. ज्यांची मुलं इथे झालीत त्यांना माहितीये, व्हिक्टोरियात (म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे) मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सच्या, म्हणजे आई आणि बाळाला तपासणाऱ्या नर्सच्या, ठरलेल्या व्हिजिट असतात. बाळ महिन्याचं झालं तेव्हाच्या व्हिजिटला सासूबाई बरोबर होत्याच. नर्स म्हणाली आजी तुम्ही बाहेर बसा, मला आईला तपासायचंय. दार लावून फोनवर इंटरप्रिटर घेतला आणि विचारलं, घरात तुला कोणाची भीती वाटते का? बस. एवढंच. पाच मिनिटांचं काम. एका परक्या गोऱ्या बाईनं केलं जे मी, सांगलीची, तिची भाषा बोलणारी, दोन घरं सोडून राहणारी, आठ महिन्यांत केलं नाही.

आणि एक गंमत (गंमत कसली) ऐका. नर्सनी मराठी इंटरप्रिटर देऊ का विचारलं तेव्हा ती नको म्हणाली, हिंदी द्या म्हणाली. कारण मराठी म्हटलं की आपल्यातलंच कोणीतरी निघेल, आणि रविवारी कार्यक्रमात सगळ्यांना कळलेलं असेल, ही भीती. म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात तिला सगळ्यात जास्त भीती कोणाची वाटली, तर आपली. मंडळाची, भिशीची, वडे खाणाऱ्यांची.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पासपोर्ट सासूच्या कपाटात. मायकी कार्ड (इथलं ट्रेन-बसच्या तिकिटाचं कार्ड) नवऱ्याकडे, म्हणजे स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर आणि ट्रेनमध्ये बसता येत नाही. फोनचा रिचार्ज "बोलणी झाली की" मारायचा, बोलणी म्हणजे वडलांशी. वडलांनी लग्न करून दिलं, तिकिटं दिली, मग तिथे गाडीशिवाय चालत नाही म्हणून गाडीचे पैसे दिले, आणि आता घराच्या डिपॉझिटसाठी दीड एकर विका असा तगादा. विकलं नाही तर मुलीला परत पाठवतो, व्हिसा कॅन्सल करतो. हात किती वेळा उचलला विचारलं तर म्हणाली, "दोनदाच."

दोनदाच! हा "च" कुठल्या शाळेत शिकवतात हो आपल्या मुलींना?

आता मला राग यायला लागलाय, तर स्पष्टच लिहिते. हुंडा हा शब्द आपल्यात मेलाय, हुंडा जिवंत आहे. मुलगा पीआर (परमनंट रेसिडेंट, इथे कायमचं राहायची परवानगी मिळालेला) आहे म्हटलं की भाव वेगळा, सिटीझन आहे म्हटलं की अजून वेगळा. रोख कोणी मागत नाही, छे छे, आपण सुशिक्षित! आपण "दोन्हीकडचं लग्न करून द्या" म्हणतो. "मुलीचीच सोय होईल" म्हणतो, ती सोय नवऱ्याच्या नावावर असते. आणि सगळ्यांत नालायक वाक्य म्हणजे "आम्ही काही मागितलं नाही". अहो तुम्ही मागितलं नाही, पण नाही सुद्धा म्हणाला नाहीत ना!

आपल्याकडे याद्या करायला बसतात आठवतंय? सुपारी फुटली की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कागद घेऊन, हॉलचा खर्च कोणाचा, वऱ्हाडाची सोय कोणाची, मानपानाच्या साड्या किती. पोह्यांच्या डिशपर्यंत हिशोब लिहिणारी माणसं आपण. भारतात हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे, घेणाराच नाही, देणारा पण गुन्हेगार, कमीत कमी पाच वर्षं शिक्षा, आणि स्वखुशीच्या भेटवस्तूंची सूट आहे तर १९८५ च्या नियमाप्रमाणे त्या भेटवस्तूंची लेखी यादी हवी, कोणी दिली, अंदाजे किंमत काय, खाली नवरानवरीच्या सह्या. ती यादी बघितलीये कोणी? पोह्यांची यादी होते, ही नाही होत. कारण ही केली तर "हौस" कागदावर येईल.

आणि इथे येऊन ज्यांना वाटतं आता आपण भारताच्या कायद्यातून सुटलो, त्यांच्यासाठी. व्हिक्टोरियात २०१८ साली फॅमिली व्हायोलन्सच्या कायद्यात सुधारणा झाली आणि कौटुंबिक हिंसेच्या उदाहरणांमध्ये हुंड्यासाठी धमकावणं, मारणं, मानसिक छळ करणं हे स्पष्ट शब्दांत घातलं. लग्नाआधी असो की नंतर. ते उगाच नाही झालं. डॉ. मंजुळा ओ'कॉनर, इथल्या सायकिॲट्रिस्ट, वर्षानुवर्षं ओरडून सांगत होत्या, पार्लमेंटपर्यंत पिटिशन गेलं, कौटुंबिक हिंसेवरच्या २०१५-१६ च्या रॉयल कमिशनने (म्हणजे सरकारने बसवलेल्या चौकशी आयोगाने) शिफारस केली, तेव्हा झालं. पुढे सिनेटची चौकशी पण झाली हुंड्यावर, २०१९ मध्ये रिपोर्ट आला. म्हणजे बघा, ऑस्ट्रेलियाच्या सिनेटला "डाउरी" शब्दावर आख्खा रिपोर्ट लिहायला लागला. आपली एक्स्पोर्ट क्वालिटी. आणि सासूबाईंना वाटत असेल मी कुठे मारलं, मी फक्त बोलले, तर इथे कुटुंब म्हणजे फक्त नवरा नाही, इंटरव्हेन्शन ऑर्डर (त्रास देणाऱ्याला लांब ठेवणारा कोर्टाचा आदेश) सासूवर सुद्धा लागू शकते.

हो, मान्य, गोऱ्यांच्या घरात पण होतं. भरपूर होतं. ते रॉयल कमिशनच मुळात २०१४ मध्ये एका बापानं अकरा वर्षांच्या मुलाला क्रिकेट प्रॅक्टिसच्या मैदानावर मारलं त्यानंतर बसलं, त्याची आई रोझी बॅटी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर उभी राहून बोलली म्हणून. पण "त्यांच्यात पण होतं" हे आपण फक्त आपलं झाकायला म्हणतो. आणि हो, खोट्या केसेस पण असतील, एक मला पण माहितीये, कमेंटमध्ये त्यावर निबंध नकोय.

(नवरा मागे उभा राहून वाचतोय. म्हणतो, तुझ्या बाबांनी पण आपली तिकिटं काढली होती की, हौसेनं.)

...

दहा मिनिटं काही टाइप केलं नाही.

खरंय. २००७ चं लग्न. बाबा एसटीत होते, रिटायरमेंटला चार वर्षं होती, पीएफमधून पैसे उचलले होते त्यांनी. सासरच्यांनी मागितलं नव्हतं. खरंच नव्हतं. माझ्या सासूबाई देवमाणूस आहेत, हे मी त्या फेसबुकवर आहेत म्हणून लिहीत नाहीये. पण मी पण तेव्हा मैत्रिणींना हसत हसत हेच सांगितलं होतं, बाबांनी हौसेनं दिलं. आईनं नंतर कधीतरी सांगितलं की त्या वर्षी दादाच्या कॉलेजची फी उसनी आणली होती. माझं नशीब की माणसं चांगली मिळाली. सिस्टीम तीच होती, लॉटरी लागली एवढंच.

म्हणून काकूंवर पण एवढं चिडून काय करू. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडलांनी काय काय विकलं असेल कोणास ठाऊक.

कढीपत्तावालीचं पुढे काय झालं ते सांगते. एके दिवशी दुपारी दोन बायका गाडी घेऊन आल्या, बाळ, एक बॅग, आणि ती गेली. आम्हा कोणालाच पत्ता नाही, अशा वेळी बाईला कुठे ठेवलंय तो पत्ता कोणाला देतच नाहीत. मग आपल्या लोकांत जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. घरातल्या घरात मिटवायचं ना, पोलिस-बिलिस कशाला, त्याच्या पीआरवर परिणाम होईल बिचाऱ्याच्या. बिचाऱ्याच्या! तिच्या आईबापांनी सुद्धा आधी काय सांगितलं होतं, तर थोडं सहन कर, पीआर होऊ दे. पीआर म्हणजे जणू मंगळागौर, पाच वर्षं पुजली की झालं.

सहा-सात महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, मी." मला आवाजच ओळखू येईना, इतकी मोकळी बोलत होती. बऱ्याच गोष्टी सांगितल्या. नवऱ्याला व्हिसा कॅन्सल करता येतच नाही, तो सरकारचा अधिकार, हे तिला फुकट मिळालेल्या वकिलाकडून पहिल्यांदा कळलं. पार्टनर व्हिसा असता तर सोपं गेलं असतं, हिंसेमुळे नातं तुटलं तरी पीआरची वाट बंद होत नाही, पण ही त्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट, त्यामुळे तिचं लांबलं, खूप कागद, खूप वाट बघणं. पण सुटली. मी रडत रडत सॉरी म्हणाले, त्या झाड वठलंय प्रकरणाबद्दल. तर ती म्हणाली, "ताई, मला माहीत होतं झाड आहे, खिडकीतून दिसत होतं." आणि मग म्हणाली, "पानं मी कोपऱ्यावरच्या बिनमध्ये टाकायचे. आमच्याकडे कढीपत्ता आवडतच नाही कोणाला. दार उघडायला कारण पाहिजे होतं ना."

आठ महिने माझं झाड ओरबाडून ती पानं बिनमध्ये टाकत होती. आणि मी झाडासाठी हळहळत होते.

तर आता माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या सगळ्या बायकांना, आणि पुरुषांना पण, तुम्ही काय फक्त बार्बेक्यू पेटवायला आलात का. एखादी कायम सासूबरोबरच दिसते, तिचा स्वतःचा फोन कधी वाजत नाही, पैसे काढायची वेळ आली की नवऱ्याकडे बघते, तर तिला एकटीला गाठा आणि विचारा. मेसेज करू नका, फोन कोण बघतं माहीत नसतं. फेसबुकवर टॅग तर अजिबात नको. समोर, एकटीला. ती पहिल्यांदा काही नाही म्हणेल, मग परत विचारा. जीवावर बेतलं असेल तर ट्रिपल झिरो (०००, इथला इमर्जन्सीचा नंबर). नुसतं बोलायचं असेल तर १८०० ७३७ ७३२, कौटुंबिक हिंसेसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, इंटरप्रिटर मागता येतो आणि हो, भाषा कुठली ते तुम्ही ठरवायचं. मेलबर्नमध्ये इनटच म्हणून संस्था आहे, मायग्रंट बायकांसाठीच काम करते. मंडळाच्या कमिटीतल्या लोकांनो, गणपतीच्या स्टेजवर बँकेचा आणि रिअल इस्टेटवाल्याचा बॅनर लावता, तर हा नंबर लेडीज टॉयलेटच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवा. फुकट आहे. आतल्या बाजूनं, लक्षात ठेवा, बाहेरच्या नाही.

आजच्या त्या सुनेबद्दल इनबॉक्समध्ये विचारू नका. तिचं सगळं चांगलं पण असेल, देव करो. माझ्याकडे तिचा नंबरच नाही, ग्रुपमध्ये सासूचा आहे. पुढे मी काय करणार ते इथे लिहीत नाही.

साडेबारा वाजले. कुंडी आत घेतलीये. यंदा झाडाला चांगली पानं आहेत, ज्यांना पाहिजेत त्यांनी दार वाजवा, कितीही वेळा, आणि नेऊन काय करता ते मी विचारणार नाही. म्हणजे विचारणारच आहे.