"ऑनलाईन आहे की, बघा जावा"

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होईल, ज्याला वाचायचंय त्यानं वाचा.

इथं सोलापुरात आमच्या गल्लीतल्या मावशी भाजीची गाडी लावतात. त्यांना एवढंच बघायचं होतं की फेरीवाल्यांच्या यादीत आपलं नाव आलंय का आणि जागा कुठली दिलीय. एका ऑफिसात गेल्या तर खिडकीतला पोरगा मान वर न करता म्हणाला, "ऑनलाईन आहे की, बघा जावा." मावशींकडं बटणाचा फोन. मग मीच त्यांना घेऊन एका वाचनालयात गेलो, म्हटलं तिथं कायतरी असेल. तिथं एमपीएससीची पोरं खुर्च्या धरून बसलेली, पेपरच्या टेबलाला म्हातारी मंडळी, कपाटात कादंबऱ्या. सरकारी कागद एक नाही. जुनी राजपत्रं, म्हणजे सरकारी सूचना छापतात ती गॅझेटं, तरी आहेत का विचारलं, तर म्हणे रद्दीत घातली, जागा होत नव्हती.

रद्दीत!

माझी आत्या पूर्व भागात राहायची, जन्मभर बीडी वळली. लग्नानंतरचं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्या, आणि पीएफचे पैसे काढायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले नावबदलाचं राजपत्र आणा. मामांनी ते फार पूर्वी छापून घेतलं होतं, पण घर गळायचं, कागद भिजून गेला. साल आठवत होतं, महिना नाही. तेव्हा एका वाचनालयातल्या काकांनी राजपत्राच्या भाग दोनचे बांधीव गठ्ठे खाली काढले, धूळ झटकली, आणि आत्याला शेजारी बसवून पान पान बघत गेले. आठवड्याला एक अंक, प्रत्येकात नावांच्या रांगाच रांगा. आत्या बोट ठेवून एकेक अक्षर लावत होती आणि नाव तिलाच सापडलं, काकांच्या आधी. झेरॉक्स काढली, पैसे मिळाले. त्या काकांनी चहासुद्धा घेतला नाही ओ.

आता मला सांगा, ते गठ्ठे रद्दीत गेले असते तर आत्यानं काय केलं असतं? ऑनलाईन बघितलं असतं?

हां, ऑनलाईन काहीच नाही असं नाही. शासन निर्णयांची साईट बरी चालते, मान्य. 1884 चं सोलापूरचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं जुनं सरकारी पुस्तक, नेटवर फुकट वाचायला मिळतं, इंग्रजांच्या काळात इथं माग कसे चालायचे ते मला घरबसल्या कळतं. पण माझ्या वॉर्डात गेल्या वर्षी गटारीवर किती खर्च झाला हे बघायला गेलं की शेकडो पानांची आडवी स्कॅन केलेली पीडीएफ, त्यात शब्द शोधायची सोय नाही, मोबाईलवर अक्षर लागत नाही. असं टाकून "दिली माहिती" म्हणायचं आणि हात झटकायचे.

आणि कायदा काय म्हणतो माहितीय का? माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4 काढून वाचा. कुणी मागायच्या आधीच 17 प्रकारची माहिती ऑफिसानं स्वतःहून जाहीर करायची, कायदा झाल्यापासून 120 दिवसांत. त्यातच एक मुद्दा असा की लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष ठेवला असेल तर त्याच्या वेळाही कळवा. मी तरी आजवर एकाही ऑफिसात असली खोली बघितली नाही, तुम्ही बघितली असेल तर कमेंटमध्ये पत्ता टाका. आमच्या वाट्याला काय, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, अर्ज करा आणि 30 दिवस वाट बघा. जी यादी भिंतीला लावायची तिच्यासाठी!

वाचनालयातल्या माणसांवर चिडून लिहायला बसलो होतो खरं, पण त्यांचा पगार ऐकलात तर तुम्हीपण गप्प बसाल. अनुदान येणार कधी, त्यातनं वीजबिल भरायचं का पुस्तकं घ्यायची. आणि त्या पोरांना घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून ती तिथं येतात, त्यांना उठवा असं कोण म्हणेल. राग त्यांच्यावर नाहीच. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आपल्याकडं, वाचनालयांचे अ ब क ड वर्ग पाडतात, तपासणी होते. मग त्याच तपासणीत राजपत्राचं एक कपाट, महापालिकेच्या बजेटची एक छापील प्रत, चालू याद्यांची एक फाईल आहे का, हेपण बघायला काय जातंय? आणि शोधून द्यायला माणूस पाहिजे बे, माणूस! आत्याला नुसता गठ्ठा दिला असता तर ती घाबरून घरी गेली असती.

असो. 2018 चं शासनाचं परिपत्रक आहे, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्ह्यातल्या सरकारी ऑफिसांत आणि महापालिकांत लोकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं. खिडकीतल्या पोराला हे माहीत नसणार, म्हणून परिपत्रकाची प्रिंट काढून ठेवलीय. येत्या सोमवारी मी आणि मावशी त्याच ऑफिसात जाणारोय. ज्याला दुपारी वेळ आहे त्यानं पावणेतीनला पार्क चौकात या, चार माणसं दिसली की खिडकीतली मान जरा वर होते. झेरॉक्सचे पैसे माझ्याकडं, चहाचे तुमच्याकडं.