हातातली नळी तुंबवावी कशी?

अभिनंदन! डायलिसिससाठी तुमच्या हातात ग्राफ्ट बसला. टेफ्लॉनच्या कुळातली कृत्रिम नळी, साधारण 6 मिलिमीटर रुंद. एक टोक धमनीला, दुसरं शिरेला. स्वतःच्या शिरा तुम्ही दर तापाला "एक सलाईन लावाच, ताकद येते" म्हणत आधीच खर्ची घातल्यात. आता हीसुद्धा घालवायची. घाबरू नका, जमेल.

मुळात निसर्ग तुमच्या बाजूने आहे. खऱ्या रक्तवाहिनीला आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत एसटीच्या कंडक्टरसारखं "पुढे सरका, पुढे सरका" ओरडत असतं. नळीत कंडक्टरच नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारक्या पेशी, दारात लोंबकळायला मोकळ्या! तुम्ही फक्त गाडीचा वेग कमी करायचा.

त्यासाठी पाणी प्या. दोन डायलिसिसच्या मध्ये चार लिटर सहज मावतं, त्यात लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा धरलेला नाही. मग मशीन ते सगळं चार तासांत ओढून काढतं, बीपी धाडकन खाली येतं आणि नळीतला प्रवाह मंदावतो. सुई काढल्यावर टेक्निशियन दोन बोटांनी बेताने दाबायला सांगेल. तुम्ही पट्टी करकचून आवळा आणि विसरून जा. रात्री तोच हात उशाला घ्या. भाजीची पिशवी त्याच कोपरात अडकवा. बीपी मोजायला कोणी आलं की तोच हात पुढे करा. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

एवढ्यानेही भागलं नाही, तर शरीर मदतीला धावतं. शिरेच्या सांध्यापाशी आतली भिंत हळूहळू जाड होते आणि वाट अरुंद होते. बहुतेक गुठळ्यांचं मूळ हेच. मशीनवरचा शिरेचा दाब दर खेपेला चढतो, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा वेळी प्रसन्न चेहऱ्याने म्हणावं, "रक्त पातळ झालंय, चांगलंच की!" डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून अरुंद जागा वेळीच फुग्याने रुंद करून घेतली, तर आतापर्यंतचे कष्ट वाया जातील.

"पण मी अ‍ॅस्पिरिन घेतो ना!" शाब्बास. 2009 साली अमेरिकेतल्या 649 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. अ‍ॅस्पिरिन आणि डायपिरिडॅमॉल (प्लेटलेटना चिकटू न देणारी औषधं) घेणाऱ्या 100 पैकी 28 जणांची नळी वर्षभर डागडुजीविना चालली; औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 100 पैकी 23 जणांची. या पाच जणांच्या भरवशावर बाकी सगळी पथ्यं खुशाल सोडा.

एक खोड मात्र टाळा. नळीवर रोज बोटं ठेवली तर थरथर लागते, कान लावला तर घूंऽऽ ऐकू येतं. ही सवय लागली, की नळी बंद पडल्याचं त्याच दिवशी कळतं, आणि ताजी गुठळी काढता येते. छे! थरथर शनिवारी संध्याकाळी थांबली तर उत्तमच. रविवारी डॉक्टरांना कशाला त्रास? सोमवारी चहा, नाश्ता, राहुकाळ, सगळं आटोपून सावकाश निघा. आणि निघताना मोठ्या गळ्याचा सदरा घाला, डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे तात्पुरती नळी, घालताना सोयीचा पडतो.