प्रतिक्रियेला उत्तर : योग, औषध आणि ‘सर्वांगीण’ हा शब्द

सप्रेम नमस्कार.

आजारपणानंतरच्या योगाभ्यासावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मी आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : ‘सर्वांगीण’ हा शब्द काहीच सिद्ध करावे लागू नये म्हणून वापरला जातो, कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाभोवती रोज चालले किंवा तालमीत जोर-बैठका काढल्या तरी तोच लाभ होतो, आणि आपल्या मावशींनी एका शिबिरात ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, त्याला माझ्यासारख्यांच्या लेखनाचाही हातभार आहे. यांतला शेवटचा आरोप सर्वांत गंभीर असल्याने त्यापासूनच सुरुवात करते.

माझ्या लेखात ‘नियमित प्राणायामाने रक्तदाब आटोक्यात येतो’ असे एक वाक्य होते. ते इतके मोघम लिहायला नको होते. संथ श्वसनाने काहींचा रक्तदाब थोडा उतरतो हे खरे असले, तरी तो अभ्यास गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. आणि गोळ्या चालू असताना रक्तदाब नॉर्मल आला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ गोळ्या लागू पडत आहेत एवढाच असतो. ते वाक्य मी आज बदलले आहे.

‘सर्वांगीण’ या शब्दाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. माझ्या थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी दादा शिवाजी पेठेतल्या घरी आला. रुग्णालयाच्या कागदावर औषधांच्या वेळा व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. हालचालीबद्दल मात्र ‘दगदग टाळावी’ एवढे दोनच शब्द होते. तारुण्यात पहाटे तालमीत जाऊन शेकड्यांनी बैठका मारणारा हा माणूस माडीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबायचा. एक हात भिंतीला, दुसरा छातीवर, ओठ घट्ट मिटलेले आणि श्वास आत रोखून धरलेला. जिना चढायला डॉक्टरांची परवानगी होती. त्याला अडवत होती ती भीती, आणि भीतीने कोंडलेला श्वास जिन्याचे कष्ट आणखी वाढवत होता. रात्री झोप नव्हती, अन्नावरची वासना उडाली होती.

डॉक्टरांना विचारून आम्ही जे केले ते अगदी साधे होते. खुर्चीवर बसून हात वर नेताना श्वास घ्यायचा, खाली आणताना सोडायचा. उठायचे तेही श्वास सोडत. मग डोक्या-पाठीखाली चादरीची घडी ठेवून पंधरा मिनिटे शवासन. तिसऱ्या आठवड्यात, श्वास सोडत एक पायरी आणि श्वास घेत थांबणे, अशा रीतीने दादा माडीवर पोहोचला आणि खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला. स्टेंटचे काम स्टेंटने केले होते, गोळ्यांचे गोळ्या करीत होत्या. पण त्या जिन्यावर हृदय, श्वास, भीती आणि झोप यांचा गुंता एकच होता, आणि तो एकत्रच सोडवावा लागला. सर्वांगीण म्हणते ते मी याला.

ही कल्पना हल्लीच्या जाहिरातींनी शोधलेली नाही. पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादात साधनेतल्या नऊ अडथळ्यांची यादी आहे आणि तिची सुरुवातच ‘व्याधी’ने होते. लगेच पुढच्या सूत्रात त्या अडथळ्यांचे सोबती सांगितले आहेत : दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि विस्कळीत श्वास-प्रश्वास. चौथ्या पायरीवरच्या दादाचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते.

पुराव्याचा आपला आग्रह योग्यच आहे, आणि तो योगाच्या परंपरेला परका नाही. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डीयान (पोट आत ओढून धरणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) करताना पोटात काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले होते. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर भारतातल्या २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर बारा आठवडे योगाधारित पुनर्वसन मिळाले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना त्यामुळे कमी झाल्या असे सिद्ध झाले नाही. मात्र त्या गटातल्या रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि आजारापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. योग चालण्यापेक्षा सरस आहे असेही या चाचणीवरून म्हणता येत नाही, कारण तुलना चालण्याशी नव्हतीच. ज्यांना रंकाळ्याला फेरी मारता येते त्यांनी ती अवश्य मारावी. मी लिहीत होते ते अद्याप घराचा उंबरा ओलांडू न शकणाऱ्यांसाठी.

तालमीचा मुद्दा मला तर माझ्याच बाजूचा वाटतो. आपल्या कोल्हापुरात चांगला वस्ताद पोराच्या नुसत्या बैठका मोजत नाही. तो त्याचा खुराक, मर्दन, झोप आणि संगत यांवरही लक्ष ठेवतो. दुखावलेल्या मल्लाला तो हौद्यात उतरू देत नाही, पण घरीही बसवत नाही. कडेला बसून इतरांच्या पकडी बघायला लावतो, म्हणजे अंग बरे होईपर्यंत मन तालमीतच राहते.

आता मावशींविषयी. त्यांना याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे, गोळ्या कधीपासून बंद आहेत ते न लपवता सांगावे आणि डॉक्टर देतील त्याप्रमाणे त्या पुन्हा सुरू कराव्यात. जोरकस कपालभाती, श्वास रोखून धरणारे कुंभक आणि शीर्षासन त्यांनी करू नये. काचबिंदू असल्यास डोके खाली जाणारी सर्वच आसने वर्ज्य समजावीत. डॉक्टरांची हरकत नसेल, तर खुर्चीवरचा जो क्रम दादाने केला तो मी सविस्तर लिहून देईन. पहिले काही दिवस त्या तो करताना आपण शेजारी बसावे, आणि त्या कुठे श्वास रोखतात तेवढे पाहावे.