आधी पुढचं चाक उचलून बघा, मग पाना लावा!

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड झालंय म्हणून सांगायला जा, एकही फिटर पुढचा एक्सल जॅकवर घेऊन बघत नाही. उभ्या उभ्या पार्टांची नावं सांगायला लागतो. माझे यात साडेतेरा हजार गेले, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे ज्वारीचा वाफसा गेला.

२००७ चं मॉडेल, साधं मेकॅनिकल स्टेअरिंग. उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याकडून घेतला. रंग नवाकोरा, टायर बरे, इंजिन चांगलं. चालवून बघताना स्टेअरिंग जड लागलं तर म्हणाला, "लई दिवस उभा हाय मालक, चार दिवस चालला की मोकळा हुईल." मोकळा कसला होतोय! रानात बांधाला वळवायचं म्हणजे सीटवरून अर्धं उठून दोन्ही हातांनी ओढायचं. आमचे अण्णा ६६ वर्षांचे. त्यांनी पंधरा दिवस मोगडा मारला आणि उजवा खांदा धरला.

पहिल्या फिटरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वळवून हात सोडला तर चाकं आपोआप सरळ होत नाहीत, तिथंच अडकून राहतात. ही साधी खूण नव्हती. चालत्या ट्रॅक्टरची पुढची चाकं वळणानंतर आपली आपण सरळ व्हायला बघतात. होत नसतील तर बऱ्याचदा खाली किंग पिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन, नाहीतर एखादा जॉइंट धरलेला, म्हणजे जाम झालेला असतो. त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "स्टेअरिंगचा बॉक्स गेलाय," म्हणाला. बॉक्स खोलला, आतले वर्म आणि नट नवे टाकले, बेअरिंग बदलले, ९० नंबरचं ऑइल भरलं. दहा हजार घेतले. स्टेअरिंग होतं तेवढंच जड.

दुसऱ्यानं टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) एंड आणि ड्रॅग लिंकचे (बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा) बॉल जॉइंट बदलले. साडेतीन हजार. फरक शून्य. तिसरा म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंगचं किट बसवा, २८ हजारात काम होईल. अरे, खाली पिन धरलेली असताना वर पॉवर स्टेअरिंग बसवलं तर हाताला हलकं लागेल, पण सगळा ताण आर्म आणि जॉइंटांवर जाईल. एखाद्या दिवशी भरल्या ट्रॉलीसकट रस्त्यावर जॉइंट तुटला तर माणूस मरेल! हे त्याला कळत नसेल तर त्यानं ट्रॅक्टरला हात लावू नये, आणि कळत असूनही तो सांगत असेल तर मला पुढं बोलायचंच नाही.

हस्ताचा पाऊस चांगला झाला. तिसऱ्या दिवशी वाफसा आला आणि आमचा ट्रॅक्टर फिटरच्या दारात! चार दिवस तिथं काढले. तोवर काळ्या रानाची वरची ओल उडाली. निम्मी ज्वारी उगवलीच नाही.

शेवटी ट्रॅक्टर घरी आणला आणि स्वतःच खाली शिरलो. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक घेतला, एक्सलखाली लाकडी ठोकळे दिले. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, तरी स्टेअरिंग जड. म्हणजे टायरच्या हवेचा किंवा वजनाचा प्रश्न नाही. मग ड्रॅग लिंक सोडली, तर वरचं स्टेअरिंग एका बोटानं फिरलं. म्हणजे बॉक्समध्ये अडकण्यासारखं काही नव्हतं. मग टाय रॉड सोडला. डावं चाक हातानं सहज वळलं. उजवं हलेना. लोखंडी पहार लावली तेव्हा कुरकुरत हललं.

अर्धा तास लागला. दोन पाने आणि एक जॅक. एवढंच करायचं होतं तिघांपैकी एकानं!

उजवी किंग पिन काढली तर बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, गंजून पिनेला चिकटलेला, वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची जाळी फुटून गोळ्या विखुरलेल्या. ग्रीसच्या निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, रंगाचा थर बसला होता. विकायच्या आधी व्यापाऱ्यानं निपलसकट रंग मारला आणि मी उन्हाळाभर ग्रीसची गन दाबत होतो ते ग्रीस बाहेरच सांडत होतं. आतलं जुनं ग्रीस दगडासारखं. दोन्ही बाजूंचे बुश, बेअरिंग, सील, नवे निपल आणि लेथवाल्याची बुश मापात आणायची (रीमर मारायची) मजुरी धरून १४०० रुपये झाले. आता चाक उचलूनच ग्रीस मारतो. वजन उतरलं की ते बेअरिंगपर्यंत नीट जातं.

ज्यांचं पॉवर स्टेअरिंग आहे त्यांचीही हीच गत बघतोय. शेजारच्या वस्तीवर ऑइल कमी होतं आणि फिल्टर तुंबला होता, तरी पंप बदलायला लावला.

बॉक्समधून काढलेले जुने वर्म-नट मी गोणीत घालून पहिल्या फिटरकडे नेले. झीज दाखव म्हणालो. त्यानं हातात घेऊन फिरवले, खाली ठेवले आणि म्हणाला, "बदललं ते बरंच झालं की मालक, आता दहा वर्षं बघायला नको." पैशाचं नाव काढलं तर दुसऱ्या गाडीखाली शिरला.

अण्णांचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.